रेघेपर्यंत पाणी

१२ जुलै

नळीबाई सांगून गेल्या आहेत की रोज सकाळी नळीतलं पाणी बघायचं आणि वहीत नुसती नोंद करायची, जास्त काही लिहायचं नाही. नोंद दोन शब्दांत झाली. आता एवढी जाडजूड वही आणलीय तर बाकीच्या पानांचं काय करू? लोणचं तर घालता येत नाही. म्हणून लिहिते.

नळीबाई म्हणजे शेती खात्याच्या बाई. त्या जातील तिथे हातात नळीचा तुकडा असतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आज त्यांनी आमच्या खाचरात नळी पुरली. न्हाणीघराच्या कामातून उरलेला पांढरा पाइप, त्याला सगळीकडून भोकं पाडली, बांधावरून हात पोचेल एवढ्या अंतरावर चिखलात रोवला आणि आतली माती उपसून काढली. झालं. आता म्हणे हिच्यातून जमिनीच्या पोटातलं दिसेल. वर पाणी दिसेनासं झालं तरी खाली मुळांपाशी ते असतंच. ते आहे तोवर खाचर भरायचं नाही. भाताला सारखं डुंबायला लागत नाही, ती माणसांची समजूत आहे, असं त्या म्हणाल्या. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी खाचरातलं पाणी घोट्याच्या खाली जाऊ दिलेलं नाही. ते नळीच्या तोंडात बराच वेळ बघत उभे राहिले.

मोजायला मी माझी शिवणाची लाकडी पट्टी घेतली. तिच्यावर धाकट्या बहिणीच्या लाल नेलपॉलिशची रेघ मारली. पट्टी नळीत सोडायची. रेघ ओली झाली तर पिकाला पाणी आहे. रेघ कोरडी राहिली तर पाटाची फळी काढून पाणी घ्यायचं. बारा वर्षं कपडे शिवतेय, माप घेतल्याशिवाय कापायचं नाही हे मला कोणी शिकवायला नको.

१३ जुलै

रेघ ओली. वर पण पाणी आहे, म्हणजे ही नोंद फुकटची.

१९ जुलै

हे सगळं मी का करतेय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे घाबरले की वाचता येईल.

तलाव यंदा निम्मासुद्धा भरलेला नाही. पूर्वी पाऊस मुक्कामाला यायचा, आता पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. तलावाच्या कालव्यातून आमच्याकडे येणाऱ्या चारीवर तोंडाशी मी आणि शेपटाशी धाकटी, माझी सख्खी बहीण. मधल्या शेजाऱ्याला स्वतःची विहीर आहे, त्यामुळे तो पाणी घेत नाही, फक्त सल्ले देतो. रोज आभाळ बघून पाऊस सांगतो आणि तो कधीच येत नाही, म्हणून त्याला सगळे वेधशाळा म्हणतात. पाण्याची पाळी आली की आधी माझं खाचर भरतं, मग उरेल ते खाली. गेली दोन वर्षं काही उरलंच नाही. मी माझं पोट भरलं आणि माझ्या बहिणीचं पीक करपलं. मी काही चोरी केली नाही, वरचा आधी घेतो हा रिवाजच आहे. तरी जेवताना घास अडकायचा.

आता धाकटीच्या नवऱ्याला शहरात शीतगृहात काम मिळतंय. यंदाचं भात हाती आलं नाही तर ते दोघं बिऱ्हाड उचलणार. तिने मला हे मशीनवर ब्लाउज टाकायला आली तेव्हा सांगितलं, सहज, जणू गळ्याचं माप सांगतेय. ती गेली की या गावात माझं म्हणून कोण राहील? हे ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सासूबाई गेल्या. राहिले आबा, आणि ते बोलतात मोजून मापून.

म्हणून ही नळी. जितके दिवस माझी रेघ ओली, तितके दिवस माझी फळी बंद आणि पाणी धाकटीला.

२३ जुलै

वरचं पाणी आटलं. खाचरात नुसता चिखल. असं उघडं खाचर मी या घरात आल्यापासून बघितलं नव्हतं. मशीनवर बसले तरी खिडकीतून तिकडेच नजर. एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या.

आबा दिवसभर खाचराकडे पाठ करून बसले.

३० जुलै

ढगाचं नाव नाही. उन्हापेक्षा रात्रीच वाईट, भिंतीला हात लावला तर तापलेली. अशा गरम रात्री भाताला मानवत नाहीत, असं नळीबाई म्हणाल्या होत्या. माणसाला तरी कुठे मानवतात?

आज रेघ कोरडी. पट्टी पुसली, परत घातली. कोरडी. मला वाटलं होतं अजून आठवडा तरी निघेल. पाळी चालू होती आणि पाणी धाकटीच्या बांधापर्यंत नुकतं पोचत होतं. तेवढ्यात मला फळी काढावी लागली. सगळं पाणी माझ्या खाचरात वळलं आणि खाली पाट रिता झाला. धाकटीने फोन केला, ताई, पाणी थांबलं गं. मी म्हटलं, मीच थांबवलं. ती म्हणाली, असू दे. तिचं ते असू दे ऐकलं आणि मी तिथेच बांधावर बसून रडले. रडू म्हणजे काय, चांगली हुंदके देऊन रडले. कोणी बघितलं नसेल. आबा होते पलीकडे, पण ते बघत नसतात.

संध्याकाळी आबांनी न मागता मला चहा करून दिला. त्यात साखर घालायला विसरले होते.

५ ऑगस्ट

रेघ कोरडी असेल, याच भीतीने सकाळी शेताकडे निघते. पट्टी बाहेर काढताना मी डोळे मिटते आणि मग एक डोळा उघडते. आज आबा म्हणाले, रोज तोंड कसलं पाडून येतेस? मी म्हटलं, नळी विचारा. नळीत पाणी असलं की बरं ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बरं म्हणजे काय, सोन्याहून पिवळं.

१० ऑगस्ट

रेघ ओली! काल अगदी कडेला होती, आज नखभर वर. फळी बंद असताना. मी तीनदा पट्टी घातली.

आबांनी पुन्हा सकाळी बाहेर पडायला सुरुवात केलीय हे आणखी एक चांगलं. गुडघ्याने दगा दिल्यापासून, फळी मी हातात घेतल्यापासून, ते सकाळी ओसरीवरून हलत नव्हते. आता माझ्याआधी उठतात, तांब्या भरून घेतात आणि काठी टेकत बांधावर जातात. घरात चांगलं बेसिन आहे, पण आबांना चूळ भरायला उघडं आभाळ लागतं. मी दूध तापवून शेताकडे निघते तेव्हा ते रिकामा तांब्या घेऊन परत येत असतात. जाऊ दे, चालणं तर होतं.

१४ ऑगस्ट

रेघ ओली. धाकटीला सलग पाणी मिळतंय. तिचं हळवं भात, माझ्याआधी येणारं. फुटवे असे धरलेत की दोन ओळींत पाऊल ठेवायला जागा नाही.

नळीबाईंना पट्टीचा फोटो पाठवला. त्यांना दूरच्या गावी प्रशिक्षणाला पाठवलंय, तिथूनच उत्तर आलं. तुमची जमीन पाणी धरून ठेवणारी दिसते, शाब्बास, इतरांना दाखवायला हवी. खाली अंगठा, फूल आणि टाळ्या. लग्नातसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

१६ ऑगस्ट

अर्धा तास पाऊस. पाऊस कसला, कोणी आभाळातून पाण्याच्या घागरी उपड्या केल्या. निम्मं पाणी बांधावरून उड्या मारत निघून गेलं, लगेच ऊन पडलं. वेधशाळा छत्री घेऊन आमच्या दारात आला, मी सांगितलंच होतं म्हणाला. त्याने सांगितलं होतं मंगळवारी, पडला शनिवारी.

२० ऑगस्ट

वेधशाळेने आज नवा शोध लावला. आमच्या खाचराखाली झरा आहे! नाहीतर फळी बंद ठेवून नळीत पाणी येतं कुठून? त्याच्या आजोबांनी म्हणे तसं एकदा बोलून दाखवलं होतं. त्याचे आजोबाही वेधशाळाच असणार. पण खरं सांगायचं तर मलाही दुसरं कारण सुचत नाही. सकाळीच दोन-चार जण बघायला आले. सगळे नळीत वाकून गेले. मी शिवण सोडून सगळ्यांना चहा केला. आबांना कोणीतरी विचारलं, तुम्हाला एवढ्या वर्षांत झरा कसा कळला नाही? ते म्हणाले, नळी नव्हती ना तेव्हा. सगळे हसले. आबासुद्धा हसले. ते हसले की किती वेगळे दिसतात, मी विसरलेच होते.

२२ ऑगस्ट

नळीत आज दात घासायची काडी तरंगत होती, टोकाला चावलेली. वाऱ्याने उडून आली असेल. काढून टाकली. रेघ ओली.

२५ ऑगस्ट

धाकटी दुपारी आली होती. झरा बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली, ताई, नळीत काहीच दिसत नाही. म्हटलं, नीट वाकलीस का? ती म्हणे वाकले. वाकायचा कंटाळा तिला पहिल्यापासून, झाडू मारायची तेव्हासुद्धा कचरा उभ्यानेच ढकलायची. मी म्हटलं, सकाळीच बघितलंय मी, रेघ चांगली भिजली होती. उन्हाने डोळे दिपले असतील तुझे.

मग ती म्हणाली, तुझं भात दुपारी कसंतरीच दिसतं गं, पानं सुरळी झाल्यासारखी. उन्हात सगळ्यांचीच होतात, मी म्हटलं. तिच्या का होत नाहीत, हे तिने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

२७ ऑगस्ट

भेगा. तशा त्या आधीपासून आहेत, पण आज माझी चप्पल अडकली. नळीबाईंनी सांगितलंय वरच्या भेगांना भिऊ नका, नळीवर विश्वास ठेवा. ठेवतेय. शंभरदा ठेवतेय. तरी मन लागत नाही. आज तीन गिऱ्हाइकांवर खेकसले. शर्टाची बटणं उलट्या बाजूला लावली. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे कंकण एक सांगतंय आणि आरसा दुसरंच, मग माणसाने बघायचं कुठे?

आबांना विचारलं, तुम्हाला कसं वाटतं खाचर? ते म्हणाले, नळीत पाणी आहे ना? आहे म्हटलं. मग झालं तर, म्हणाले. ज्या माणसाने कधी नव्या गोष्टीला हो म्हटलं नाही त्याचा नळीवर एवढा भरवसा बसला, हे बघून मलाच धीर आला.

३० ऑगस्ट

कालव्यावरचा माणूस सांगून गेला. तलावाने तळ गाठलाय, उद्या सुटेल ती शेवटची पाळी. नंतर पिण्यापुरतं राखणार. रेघ ओली आहे, म्हणजे ही पाळीही धाकटीची. तिचं भात फुलोऱ्यात आलंय. या दिवसांत पाणी मिळालं की दाणा भरला म्हणून समजा. मी फोन करून सांगितलं, अख्खी पाळी तुझी.  ती म्हणाली, मग शीतगृहवाल्यांना नाही म्हणून कळवते. मी मोठ्याने हसले, आबा ओसरीवरून बघायला लागले.

आबांना मात्र कालपासून कणकण आहे. आज तापच भरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. तांब्या उशाशी ठेवून झोपलेत.

१ सप्टेंबर

अक्षर लागणार नाही आज. तरी लिहिते.

काल आबांच्या तापामुळे नळीकडे फिरकले नाही. आज सकाळी गेले. पट्टी घातली, कोरडी. नुसती रेघ नाही, सबंध पट्टी. तळाशी टेकवून बाहेर काढली तर टोकाला धूळ. धूळ! दोन दिवसांपूर्वी भिजलेली रेघ आणि आज तळाला धूळ, हे कसं होईल? झरा आटला म्हणावं तर असा एका दिवसात? नळीत हात घातला. बाजूची भोकं चिकट गाळाने केव्हाच बुजलेली. मग भेगेत हात घातला. मनगट गेलं. आतली माती राखेसारखी आणि कोमट.

माझं भात पोटरीत आहे. लोंबी अजून पानांच्या पोटातच. आत्ता पाणी हवं, आत्ताच.

पाटात शेवटची पाळी वाहत होती. मी कोणाला विचारलं नाही, काही नाही, धावत जाऊन फळी काढली. पाणी आत आलं. मी त्याच्याबरोबर चालत होते. पहिल्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि थांबलं. पाटातून येतच होतं, पण पुढे सरकेना. भेगा गटागटा पीत होत्या, आवाज येत होता. एका भेगेत पाणी जायचं आणि दिसेनासं व्हायचं, मग दुसऱ्या. मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. उन्हं वर आली तरी पाणी त्या कोपऱ्यातच.

तेव्हा मला कळलं. ही जमीन अख्खी पाळी पिऊन टाकेल आणि तरी भरणार नाही. माझं पीक वाचणार नाही आणि खाली धाकटीचा फुलोरा वाळेल. दोघी जणी बुडू. पाणी घेतलं तर दोन्ही जातील, सोडलं तर एक राहील. शिवणात कापड कमी पडलं की दोन झबली अर्धी-अर्धी कापत नाहीत, एकच पुरतं कापतात. हे मला येतं. पण तेव्हा फळीला हात लाववत नव्हता.

लावली शेवटी. कुणीतरी माझा हात धरून लावून घेतल्यासारखी. पाणी खाली गेलं.

२ सप्टेंबर

आबांचा ताप उतरला. सकाळी पेज भरवत होते. दोन घास खाल्ले आणि म्हणाले,

"नळीला पाणी दिलंस का गं? दोन दिवस राहिलंय माझं."

मी चमचा तसाच धरून बसले. म्हटलं, नळीला?

"हो. तांब्याभर पुरतं. तू यायच्या आधी द्यावं लागतं, नाहीतर जिरतं."

मी वाटी खाली ठेवली. तांब्या उचलला, तडक पाटावर गेले आणि जोर करून पाण्यात भिरकावला. मग काय सुचलं, स्वतःच पाटात उतरून, पाण्यात बसून शोधून काढला. भिजलेली साडी, हातात तांब्या, बांधावर वेधशाळा. त्याने काही विचारलं नाही. त्याच्या आयुष्यातलं हे एकच शहाणपण.

रोज सकाळी तांब्याभर पाणी. भोकं बुजलेल्या नळीत. दातवणाची काडी. धाकटीला दुपारी काही दिसलं नाही ते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, मीच आनंदाने लिहून ठेवलंय. मागची पानं फाडून टाकावीशी वाटतात.

३ सप्टेंबर

काल दिवसभर आबांशी बोलले नाही. जेवणाचं ताट नुसतं पुढे सरकवलं. ओठावर आलं होतं, तुमच्यामुळे माझं शेत गेलं. ह्यांना फोन लावला आणि सगळं ओकले. ह्यांनी ट्रक बाजूला घेतला असावा, मागची वाहनं भुर्रकन जाताना ऐकू येत होती. मग म्हणाले, त्यांना विचारलंस का, का केलं? मी म्हटलं, का म्हणजे काय, अडाणीपणा. हे म्हणाले, नाही, विचार.

आज विचारलं. बसले त्यांच्या पायाशी आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं, आबा, नळीत पाणी का घालत होता?

त्यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग म्हणाले,

"त्या दिवशी बांधावर किती रडलीस. मी होतो तिथे. नळी कोरडी म्हणून रडलीस. माझ्याच्याने आता फळी उचलवत नाही. खाचर भरवत नाही. तांब्या उचलतो की अजून."

 ते पुढे म्हणाले, "पाणी असलं की हसत यायचीस. लांबून दिसायचं मला."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. पेज गरम करून आणते म्हणाले आणि चुलीपाशी जाऊन तोंडात पदर धरून रडले. राग कुठे गेला ते ठाऊक नाही. गेला असंही नाही, पण ठेवायला जागा सापडेना.

त्यांना सांगायचं नाही असं ठरवलंय. पीक का गेलं विचारलं तर उन्हाने गेलं. ते काही खोटंही नाही.

४ ऑक्टोबर

लोंब्या बाहेर आल्या, निम्म्या पांढऱ्या. सरळ ताठ उभ्या. भरलेली लोंबी मान खाली घालते, पोकळ तेवढी ताठ. माणसांचंही तसंच म्हणतात.

नळीबाई परत आल्या. त्यांना सगळं खरं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या नळीपाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, नळी अधूनमधून काढून धुवायची, भोकं मोकळी करायची, हे सांगायला मी विसरले. भोकं उघडी असती तर तांब्याचं पाणी पहिल्या दिवशीच निघून गेलं असतं.  चूक तिघांत वाटली गेली तरी कोणाच्या वाट्याची कमी झाली नाही.

९ नोव्हेंबर

कापणी झाली. ऐन कापणीत दोन दिवस पाऊस कोसळला, बोलावलं तेव्हा आला नाही तो. उरलंसुरलं आडवं झालं. वर्षभर पुरणार नाही. शिवण वाढवीन. शाळेचे गणवेश घेईन शिवायला, बघू.

मळणीच्या वेळी आबा येऊन बसले. मूठभर भात तळहातावर घेतलं, चोळलं, फुंकलं. फुंकरीसरशी जवळजवळ सगळं उडून गेलं. तळहाताकडे बघत बसले. मी म्हटलं, आबा, ऊनच तसं पडलं यंदा. ते हो म्हणाले. त्या दिवसापासून चूळ बेसिनमध्ये भरतात.

१५ नोव्हेंबर

धाकटी बैलगाडीतून आली. तिच्याकडे यंदा जागा पुरेना इतकं पिकलं. दोन पोती ओसरीवर उतरवली. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, तुझंच पाणी आहे हे, फक्त माझ्या शेतातून फिरून आलं. मग पदर खोचून आत जाऊन चहा टाकला, जणू तिचंच घर. नवऱ्याने शीतगृहाचा नाद सोडलाय. पुढच्या वर्षी तीही नळी लावणार आहे, म्हणजे वाचेल ते खाली तिने नव्याने कसायला घेतलेल्या तुकड्याला.

आबांना तिने सगळं विचारलं, गुडघा कसा, औषध घेता का. झऱ्याचं मात्र काही विचारलं नाही. मी सांगितलं नव्हतं तरी तिला कळलेलं दिसतं. दुपारी नळीत वाकून बघणारी तीच एकटी होती.

१७ जुलै

नवं वर्ष, जुनीच वही. पानं शिल्लक होती.

लावणी झाली. नळी काढून धुतली, भोकं काडीने मोकळी केली आणि पुन्हा रोवली. नेलपॉलिश पुसट झालं होतं, धाकटीकडून आणून रेघ पुन्हा मारली. पाऊस यंदा लवकर आला, लवकर गेला. वेधशाळा म्हणतो शुक्रवारी येणार.

काल आबांना म्हटलं, माझी एक अडचण आहे. पट्टी बघायला मी नळीपाशी, फळी तिकडे टोकाला, माझी धावपळ होते. फळीला मी दोरी आणि कप्पी बसवून घेतलीय. तुम्ही खुर्ची टाकून बसा, मी सांगेन तेव्हा नुसती ओढा.  आज सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा ते बाहेर पडले. काठी टेकत. हातात भरलेला तांब्या.

 दूध तसंच टाकून मागे निघाले. मग थांबले. एका माणसावर किती दिवस पाळत ठेवणार? दूध उतू जाऊन विस्तव विझला. तो पुन्हा पेटवला, दूध खाली उतरवलं, मगच गेले.

आबा फळीपाशी खुर्चीवर बसले होते. तांब्या पायाशी, भरलेला. मी नळीपाशी वाकले आणि पट्टी घातली. वर काढली. रेघ कोरडी.

 यंदाची पहिली कोरडी रेघ, आणि पाटात पाणी कमीच. मला माहीत होतं की आबा नळीकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघताहेत. म्हणून मी सरळ उभी राहिले, पट्टी उंच धरली आणि हसले. अगदी दात दिसतील असं हसले.

"कोरडी, आबा. पाणी द्यायची वेळ झाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. खात्री करून घेत होते. मग त्यांनी तांब्या उचलला, खळखळून चूळ भरली आणि ती लांब बांधापलीकडे टाकली. उरलेलं पाणी तोंडावर मारलं. तोंड पुसलं आणि दोरीला हात घातला.